पाणीचोराचा कडुनिंब

परवा रात्री अपार्टमेंटच्या ग्रुपवर माझा फोटो आला. पाठमोरा, लुंगीत, हातात बादली. खाली ओळ : "सभासदांनी ओळखावे." सगळ्यांनी ओळखलं. एकाने तर लुंगीवरून ओळखलं.

गुन्हा काय, तर गेटबाहेरच्या कडुनिंबाला मी पाणी घालत होतो. सोलापुरात नळ पाचव्या दिवशी येणार, त्यामुळे अंधारात बादली घेऊन उभा असलेला माणूस संशयितच. पण ते कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी होतं हो!

सकाळी तळमजल्यावरचे काका चौकशीला हजर. डोक्यावर 2019 च्या 33 कोटी वृक्षलागवडीच्या वेळची टोपी.

"सर, बादली दाखवा."

दाखवली. तळाला वाटीभर पाणी उरलं होतं. काकांनी आधी वास घेतला. मग तर्जनी बुडवली, डोळे मिटले आणि चक्क जिभेला लावली. कटाच्या आमटीचं मीठ बघताना आमची आई असंच थांबायची.

"गोड आहे की ओ. नळाचंच."

"काका, साबण आहे त्यात."

"साबण तुरट लागतो."

"तुम्ही खाल्लाय?"

"विषय पाण्याचा चाललाय." पुन्हा बोट, पुन्हा जीभ. "बोअरचं तर नाहीच. बोअरचं मचूळ लागतं."

मी म्हटलं, चांगल्या कामालाच घातलंय, झाड कार्बन खातं.

"कुणाचा?"

"म्हणजे?"

"तुमच्याकडं तर गाडीच नाही." काकांनी आपल्या स्कूटरकडं मालकाच्या नजरेनं पाहिलं. "म्हणजे खायलंय माझा अन् नाव तुमचं!"

उत्तर मला दुपारी सुचलं, तेव्हा काका घोरत होते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वाळक्या लाकडात निम्मा कार्बन धरला तर तेवढा परत पकडायला सव्वा किलो लाकूड वाढावं लागतं. माझा कडुनिंब तीन वर्षांत जेमतेम अंगठ्याएवढा झालाय. मुळासकट वाळवून तागडीत टाकला तरी सव्वा किलो भरेल का, शंकाच. तीन वर्षं बादल्या मी वाहायच्या आणि हे कोपऱ्यावर शेंगाचटणी आणायला स्कूटर काढणार! वर चोर मी.

संध्याकाळी काकांचा ग्रुपवर ठराव : रविवारी नान्नजच्या माळावर हजार झाडं लावून "विषय कायमचा मिटवू". अहो, ते माळढोकाचं अभयारण्य. त्या पक्ष्याला मोकळा गवताळ माळ लागतो, झाडी नको असते. आणि गवतही कार्बन धरतंच की, पण बराचसा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत. तिथं फोटो निघत नाही, एवढीच अडचण. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल माझाच बादलीवाला फोटो परत आला.

आज सकाळी बघतो तर कडुनिंब कमरेत वाकलेला. अंगावर काकांचा ओला टॉवेल, आपला सोलापुरीच, घोंगडीएवढा जाड. इकडंतिकडं पाहिलं. टॉवेल उचलला, बुंध्याशी कचकचून पिळला आणि गेटवर टाकला. चांगलं तांब्याभर पाणी निघालं.

चाखलं नाही. गोडच असणार.