ओकला कुंपण, पाखराला काय?

आज एका घरी जेवायला जमलो होतो. एकाने पुलाव वाढून घेता घेता निवांत सांगितलं, "अगं, पक्षी नामशेष व्हायचेच. एंजल ओक बघ, शेकडो वर्षं उभा आहे. टिकायचं ते टिकतं." डोकंच फिरलं माझं. घर मैत्रिणीचं, म्हणून तिथे गप्प बसले. इथे कशाला बसू?

अमेरिकेतल्या आमच्या चार्ल्सटनला आलेला प्रत्येक पाहुणा जवळच्या जॉन्स आयलंडवरच्या त्या जुन्या ओकच्या झाडाखाली, म्हणजे एंजल ओकखाली, फोटो काढतो. आमचे बाबाही आले होते. जमिनीला टेकलेल्या अजस्र फांद्या, त्यांवरचे नेचे (पाऊस नसला की तपकिरी गुंडाळ्या, सर आली की हिरवेगार), सगळं त्यांनी हात मागे बांधून निरखलं आणि विचारलं, "इथली पाखरं कुठली गं?"

मग सांगितलं त्यांना. याच चार्ल्सटनजवळ 1832 साली जॉन बाकमन या पाद्र्याला चिमणीहून लहान, पिवळा, गळ्याशी काळा असा एक गाणारा पक्षी सापडला. पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑडुबनने त्याला मित्राचंच नाव दिलं, बाकमन्स वॉर्बलर. ओक तेव्हाही म्हाताराच होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा पक्षी इथल्याच दलदलीत दिसायचा. 2023 मध्ये अमेरिकन सरकारने नामशेष म्हणून त्याचं नाव संरक्षित यादीतून काढलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे झाडाला कुंपण घातलं आणि पाखराचं रान विकलं."

टिकायचं ते टिकतं म्हणे! दलदलीतली जंगलं तोडली, बांबूची बेटं नांगरली. हिवाळ्यात बिचारा क्यूबात जायचा, तर तिथे उसासाठी रान साफ. (मी कोल्हापूरची, उसावर जास्त बोलत नाही.) ओक मात्र राखला म्हणून राहिला. 1991 पासून तो शहराच्या मालकीचा आहे. शेजारी घरं उठणार होती, तेव्हा लोकांनी पैसे जमवून ती जमीन सोडवली.

ठीक आहे, पक्षी आधीपासून दुर्मीळ असेलही. आणि झाडावर माझा राग नाही हो. सदाहरित म्हणतात त्या ओकचीही जुनी पानं वसंतात गळतात, पण मागोमाग पालवी फुटते. वॉर्बलरची पालवी कुठून आणायची?

बाबांनी फोटो काढून घेतलाच, कानटोपी घालून. गावच्या ग्रुपवर टाकताना खाली ओकचं नाव नाही लिहिलं, त्या पक्ष्याचं लिहिलं. "बाचमन." दोन काकांनी "छान झाड" असं उत्तरही दिलं.