टाकी अर्धी, टायर नरम, रेडिएटरमध्ये साधं पाणी? यातलं काहीच करू नका

उन्हाळा तापला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. हायवेवर तासन्‌तास जॅममध्ये अडकायची वेळ आली तर काय करायचं, याच्या त्यात पाच सूचना असतात: टाकी अर्धीच भरा, टायरमध्ये हवा कमी ठेवा, कूलंटऐवजी (म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधं पाणी घाला, जॅममध्ये एसी लावू नका आणि इंजिन तापलं तर लगेच रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता.

शेवटच्या सूचनेने माणूस भाजू शकतो, म्हणून आधी तीच घेतो. तापलेल्या इंजिनातलं कूलंट दाबाखाली असतं. त्या दाबामुळेच ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात सुटतो आणि आतलं कूलंट वाफेसकट उसळून हातातोंडावर येतं. फडकं धरून उघडलं तरी हेच होतं. शिवाय तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी गेलं तर सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढताना दिसला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा करा. आत उकडेल, पण इंजिनची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तरीही काटा लाल पट्ट्याकडे सरकला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

साधं पाणी कूलंटपेक्षा लवकर उकळतं आणि आतून गंज धरतं. अडल्या वेळी पातळी भरायला ते चालेल, पण तयारी म्हणून मुळीच नाही.

कमी हवेचा टायर जास्त दबतो, म्हणून तो जास्त तापतो. गाडीच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो आणि धावताना दाब वाढणार हे त्यात धरलेलं असतं. सकाळी निघण्यापूर्वी तेवढी हवा भरा, वाटेत गरम टायरमधली सोडू नका.

पूर्ण भरलेली टाकी उन्हाने फुटत नाही. पेट्रोल आपोआप पेट घ्यायला साधारण अडीचशे अंश लागतात, आणि प्रसरणासाठी टाकीत जागा ठेवलेली असते. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून आणखी भरायचं नाही. एसीसह उभ्या गाडीला तासाला लिटरभर किंवा जास्तही इंधन लागतं. अर्धी टाकी घेऊन निघालेला माणूसच जॅममध्ये अडचणीत येतो.

एसीवर सरसकट बंदी घालणं तर मला निर्दयपणाच वाटतो. मागे लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर उष्माघात इंजिन तापण्याची वाट बघत नाही. काटा जागेवर असेपर्यंत एसी खुशाल चालू ठेवा.

रेडिएटरच्या पंख्याबद्दल मात्र त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही! धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो, जॅममध्ये सगळी भिस्त त्या पंख्यावर. आदल्या दिवशी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी लावा आणि बॉनेट उघडून लांबूनच बघा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. फिरला नाही, अडखळला किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर आधी मेकॅनिककडे जा. इंजिन बंद आणि गार असताना पुढच्या जाळीत डोकवा. एसीच्या कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, रेडिएटरच्या पुढच्या भागावर) मेलेले किडे, धूळ आणि वाळका पाला चिकटून बसलेला असतो. तो हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने पातळ पत्र्या वाकतात आणि हवेची वाटच बंद होते.