टायबर्नची गाडी आणि दारूचे वाक्प्रचार

लंडनच्या न्यूगेट तुरुंगातून टायबर्न या फाशीच्या जागेकडे निघालेली गाडी वाटेत गुत्त्यापाशी थांबे; कैद्याला मिळणारा शेवटचा पेला म्हणजे ‘वन फॉर द रोड’ (वाटेसाठी एक), आणि गाडीवरच बसून राहावे लागणाऱ्या पहारेकऱ्यावरून दारू सोडलेल्यासाठी ‘ऑन द वॅगन’ हा प्रयोग आला, असा मजकूर समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याच्या शेवटी, तर्र झालेल्याला ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणतात कारण जहाजाची तीन शिडे सुटलेली असतात, असेही जोडलेले असते.

यातली पेल्याची प्रथा खरी आहे. टायबर्नकडे जाणाऱ्या कैद्यांना सेंट जाइल्सच्या रुग्णालयापाशी एल या बिअरचा मोठा कटोरा देत असत, असे जॉन स्टो यांनी 1598च्या आपल्या लंडनवर्णनात नोंदवले आहे. मात्र खऱ्या प्रथेला वाक्प्रचार चिकटवला म्हणून त्याची व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

टायबर्नची शेवटची फाशी 1783 सालची. दोनच वर्षांनी फ्रान्सिस ग्रोस यांचा लंडनच्या बाजारू बोलीचा कोश निघाला. त्यात फाशीच्या दोराला ‘टायबर्न टिपेट’ म्हणत हे आहे, पण ‘ऑन द वॅगन’ नाही. तो प्रयोग अमेरिकेतला, 1900च्या सुमाराचा, आणि त्याचे मूळ रूप ‘ऑन द वॉटर वॅगन’ असे आहे. 1901च्या एका अमेरिकन कादंबरीत ‘वॉटर कार्ट’ हे रूपही येते. धुळीच्या रस्त्यांवर पाणी शिंपडणारी घोडागाडी तेव्हा सर्वांच्या ओळखीची होती, आणि दारू सोडलेला माणूस त्या पाण्याच्या गाडीवर चढला, एवढाच त्याचा अर्थ. ‘वन फॉर द रोड’ तर 20व्या शतकातच रूढ झाले.

‘शीट’ म्हणजे शीड नव्हे. शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणाऱ्या दोराला खलाशी शीट म्हणतात. तो सुटला की शीड फडफडते आणि जहाज झोकांड्या खाते.

अशा प्रत्येक शब्दामागे गंभीर प्रसंग असतोच, हा त्या मजकुराचा सूर मला सर्वांत चुकीचा वाटतो, कारण त्यात गुत्त्यात बसणाऱ्यांच्या कल्पकतेचे श्रेय हिरावले जाते. 1737 साली बेंजामिन फ्रँकलिन यांच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वृत्तपत्राने झिंगण्यासाठीचे दोनशेहून अधिक प्रयोग छापले. ते गुत्त्यातल्या बोलण्यातूनच टिपल्याचे तिथे म्हटले असून, ‘बार्बाडोसला जाऊन आला’, ‘जेरुसलेमला निघाला’ हे त्यांतलेच आहेत.