लाखाचा हेडफोन आणि फुकटचा मेसेज

ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या साऊंडवाल्यांच्या ग्रुपवर सध्या भारी हेडफोनबद्दल एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. पहिल्यांदा आला तेव्हा मी न वाचताच पुसला. दुसऱ्यांदा तो भाच्यानं पाठवला, म्हणून वाचावा लागला. भाचा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, एका नाटक मंडळीत साऊंडच्या मिक्सरवर बसतो. दिवाळी झाली की त्याचा सिझन लागतो आणि शिमग्यापर्यंत पोट्टा रात्रीचा घरी दिसत नाही. मेसेजखाली त्याचं वाक्य होतं, "मामाजी, हे खरं आहे काय? सव्वा लाखाचा मिळून राहिला, किस्तीवर घेऊन टाकतो म्हणतो."

सव्वा लाख! धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे बावन्न-त्रेपन्न क्विंटल धान झालं. आमच्याकडं ते तीनेक एकरांचं पीक, तेही पाऊस वेळेवर आला आणि तुडतुड्यानं घात केला नाही तर.

मेसेजचं म्हणणं असं आहे. भारी हेडफोनच्या किमती दरवर्षी दुप्पट होत आहेत, कारण चीननं हेडफोनमधल्या चुंबकाचा माल अडवला. म्हणून आत्ताच घ्या, ही सोन्यासारखी गुंतवणूक आहे. लाखाच्या खालच्या हेडफोनमध्ये खरा आवाज ऐकूच येत नाही. स्वस्त हेडफोननं बहिरेपण येतं, महागडा मात्र रात्रभर लावला तरी कान सुरक्षित राहतात. घेतल्यावर दोनशे तास वाजवून 'मुरवायचा' आणि चांदीची तार लावायची. शेवटी एक लिंक.

कानापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या गप्पांनी फक्त पैसे जातील. या गप्पेनं पोराचा कान जाईल.

महागड्यानं कान सुरक्षित राहतात हे कोणी आणि कशावरून ठरवलं? कानाच्या पडद्यावर पडतो तो हवेचा दाब. तो किती जोराचा आहे आणि किती वेळ पडतो, एवढ्यावरच नुकसान ठरतं. हेडफोनचं बिल आतल्या कानापर्यंत पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं मानक काढलं. त्यातला मोठ्या माणसाचा हिशोब असा: ८० डेसिबलला (आवाजाचा जोर मोजायचं माप) आठवड्याचे ४० तास. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० पर्यंत गेलात की आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. लहान मुलांसाठी सुरुवातच ७५ पासून. या सगळ्या कोष्टकात किमतीचा रकाना कुठंच नाही.

आता हे आपल्या मंडपात लावून बघा. पडदा रात्री दहाच्या पुढं उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. भाचा बसतो तिथं बाजूला ऑर्गन, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि समोर भोंग्यांची भिंत. त्या गोंगाटावर हेडफोनमधलं ऐकू यायचं म्हणजे आवाज ९० च्या पुढं सहज जातो. म्हणजे आठवड्याचा कोटा पहिल्याच नाटकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अंकात संपला. सिझनमध्ये मंडळी एक रात्र या गावी, दुसरी त्या गावी. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. मग घरी येऊन निजलं तरी कानात 'कुंई' वाजत राहते. असे दोन-तीन जुने साऊंडवाले आमच्याच पट्ट्यात आहेत. त्यांच्याशी बोलताना डाव्या बाजूला बसावं की उजव्या, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

यातला खरा घोळ पुढं आहे. मेसेजमध्ये ज्यांची नावं घेतलीत, ते फोकलचा यूटोपिया, सेनहायझरचा एचडी ८००, हायफायमॅनचा सुसवारा, हे सगळे उघड्या पाठीचे हेडफोन आहेत. त्यांच्या वाट्या मागून बंद नसतात. आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. शांत खोलीत, पंखा बंद करून ऐकायला तो प्रकार सुंदर आहे, शंका नाही. मंडपात तो डोक्यावर चढवणं म्हणजे काहीच न चढवणं. ढोलकी आहे तशी कानात येणार आणि तिच्यावर मात करायला पोरगा आवाज आणखी वाढवणार. त्यात चांगल्या हेडफोनचा आवाज फाटत नाही. फाटला की हात आपोआप खाली येतो. स्वच्छ आवाजात किती वाढवलं ते लवकर कळत नाही. म्हणजे ज्याला हे लोक 'सुरक्षित' म्हणतात तोच मंडपात जास्त घातक ठरू शकतो.

अर्धी गोष्ट खरी आहे, ती सांगून टाकतो. बाजारात शंभर-दीडशेला मिळणारी ढिली बोंडकं कानात नीट बसत नाहीत, खालचा सूर गळतो, म्हणून माणूस आवाज चढवतो आणि कान दुखवून घेतो. पण तिथं दोष ढिलेपणाचा आहे. कानाला घट्ट बसणारी, रबरी टोपीची वस्तू घेतली की तो जातो, आणि त्यासाठी लाख लागत नाहीत.

लाखाच्या खाली खरा आवाज नाही, या मुद्द्याला एकच उत्तर देतो, पण ते भक्कम आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. २८३ हेडफोन मोजले. कुठला सूर किती जोरात उमटतो, म्हणजे ज्याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात, तो आणि दुकानातली किंमत यांचा काही संबंध लागतो का, हे पाहिलं. संबंध लागला नाही. आवाजाची गोडी मुख्यतः याच रिस्पॉन्सवर ठरते असं धरलं, तर किंमत आणि गोडी यांचंही नातं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. आता कोणी म्हणेल, हेडफोन म्हणजे फक्त रिस्पॉन्स नव्हे. बरोबर. डोक्यावर बसणं, वजन, घडण, आवाज न फाटणं, हेही आहे, आणि महागात ते बरेचदा चांगलं मिळतं. पण मेसेज 'ऐकूच येत नाही' म्हणतो. आणि २०२२ मध्ये मूनड्रॉप चू, सेव्हनहर्ट्झ झीरो असली वीस डॉलरची इअरफोन आली, ती ऐकून भल्याभल्या शौकिनांनी कान टवकारले. वीस डॉलर.

शिवाय सुसवारासारखा हेडफोन मोबाइलला लावाल तर तो पुरेसा वाजणारही नाही. त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर निघणारा आवाज, फक्त ८३ डेसिबल, त्याला पुढून दांडगा अँप्लिफायर लागतो. त्याचे पैसे वेगळे. हे मेसेजवाला सांगत नाही.

किमती वाढल्या, हे मात्र खोटं नाही. मनाविरुद्ध मान्य करतो. २००९ मध्ये सेनहायझरनं एचडी ८०० काढला तेव्हा त्याच्या सुमारे १,४०० डॉलरवर लोकांनी डोळे पांढरे केले होते. यूटोपिया २०१६ मध्ये ४,००० ला आला, २०२२ च्या नव्या आवृत्तीत ५,०००. सुसवारा २०१७ मध्ये ६,०००, त्याचा नवा भाऊ २०२४ मध्ये ८,०००. पण यूटोपियाची वाढ सहा वर्षांत २५ टक्के आहे. 'दरवर्षी दुप्पट' असती तर सहा वर्षांत चौसष्ट पट झाली असती आणि आज त्या पैशात ब्रह्मपुरीत राइस मिल उभी राहिली असती.

आपल्याला जास्त बोचतं त्याचं कारण रुपया आहे. २००९ मध्ये डॉलर साधारण ४८ रुपयांना होता, २०२५ मध्ये ८५ च्या वर गेला. म्हणजे १,४०० डॉलरची वस्तू तिकडं एक पैशानं न वाढता इकडं सदुसष्ट हजारांवरून एक लाख वीस हजारांच्या आसपास पोचते. त्यावर आयातशुल्क, वर १८ टक्के जीएसटी.

चुंबकाची कथा अर्धवट ऐकलेली आहे. चीननं एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ धातूंच्या (यातले काही चुंबकात लागतात) निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, हे खरं. पण २०१६ आणि २०२२ मध्ये वाढलेल्या किमतीला २०२५ चा आदेश कसा कारण होतो? आणि चुंबकाचा दुष्काळ असता तर वीस डॉलरचं इअरफोन कशानं वाजतं, हवेनं? वरच्या टोकाची किंमत वाढते कारण माल थोडा निघतो, घडवायला वेळ लागतो, मधे वितरक आणि दुकानदार असतात, आणि मुख्य म्हणजे देणारे देतात. हेही काही आजचं नाही. सोनीचा एमडीआर-आर१० हा १९८९ मध्ये अडीच हजार डॉलरचा होता. सेनहायझरचा ऑर्फियस १९९१ मध्ये अँप्लिफायरसकट सोळा हजारांच्या घरात, आणि जेमतेम तीनशे नग काढलेले.

त्या दोन नावांवरूनच 'सोन्यासारखी गुंतवणूक' ही अफवा उठली असावी. ऑर्फियस आणि आर१० आज जुन्या बाजारात जास्तच पैसे आणतात, कारण ते थोडे होते आणि बनणं बंद झालं. बाकीच्यांचं काय होतं ते बघा. हायफायमॅनचा संडारा २०१८ मध्ये ५०० डॉलरला आला, आता ३०० ला मिळतो. सेनहायझरच्या एचडी ६५० ची छापील किंमत ५०० डॉलर होती. २०१६ च्या शेवटी तोच हेडफोन एचडी ६एक्सएक्स या नावानं एका विक्री संकेतस्थळावर २०० ला आला. ज्यानं आदल्या महिन्यात 'गुंतवणूक' म्हणून पूर्ण पैसे मोजले, त्याची गुंतवणूक तिथंच बसली. सोनं कपाटात ठेवलं तर तसंच राहतं. हेडफोनच्या गाद्या घामानं सोलतात, तार तुटते, आणि वॉरंटी बहुधा पहिल्या मालकाचीच असते. वर किस्तीचं व्याज. सराफाकडं हेडफोन गहाण ठेवून बघा म्हणावं.

दोनशे तास मुरवण्याबद्दल एवढंच: या काळात गाद्या थोड्या दबतात आणि कान त्या आवाजाला सरावतो. दोनशे तास वाजवेपर्यंत परत करायची मुदतही निघून जाते, हा योगायोग दुकानदाराच्या फार सोयीचा आहे.

चांदीची तार. चांदी तांब्यापेक्षा सहाएक टक्क्यांनी जास्त वीजवाहक आहे. दीड-दोन मीटरच्या तारेत त्यानं विजेच्या अडथळ्यात ओहमच्या एखाद्या तुकड्याचा फरक पडतो, आणि समोर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन. चांदीचा विळा केला म्हणून धान लवकर कापून होत नाही.

राहिली लिंक. अशा लिंकवरून विक्री झाली की लिंक टाकणाऱ्याला बरेचदा कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. पण मग ते वरच लिहायचं, बहिरेपणाची भीती घालून नव्हे.

भाच्याला मिक्सरवर एकेक माइक वेगळा काढून ऐकायचा असतो: नायिकेचा माइक फुटतो का, हार्मोनियममध्ये गुणगुण येते का, एवढंच. त्याला बंद वाटीचा, घट्ट बसणारा हेडफोन पुरे. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून बनतो आहे, जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत दिसतो, आणि अमेरिकेत आजही शंभर डॉलरच्या आसपास आहे. ज्या कंपनीनं अडीच हजारांचा आर१० केला, तिचाच हा. तार गुंडाळीची आणि लांब आहे, मिक्सरपासून उठून दोन पावलं गेलं तरी ताणत नाही. गाद्या काही वर्षांत सोलतात, पण त्या वेगळ्या मिळतात. ऐकून झालं की डोक्यावरून काढून गळ्यात घालायचा आणि बाकीची रात्र कानात फोमचे बोळे. नकली फार निघतात, तेव्हा नागपूरहून घेतला तर पक्कं बिल मागून घे, हेही त्याला लिहिलं आहे.