मुलांना चषक पुरेत, आता सामने द्या

आपल्या सांगली-मिरजेत फुटबॉल क्लब वाढत आहेत आणि बहुतेकांच्या फलकावर ‘संलग्न’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. क्लब जिल्हा संघटनेशी, ती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, ती अखिल भारतीय महासंघाशी आणि महासंघ फिफाशी, अशी ही साखळी आहे. पालकांना तिचे महत्त्व वाटते, कारण दहावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण त्यांच्या मनात असते. मात्र संलग्न क्लबाने वर्षभरात मुलाला किती सामने खेळवले, हे सहसा कोणी विचारत नाही.

तेरा वर्षांखालील एकदिवसीय स्पर्धेची सकाळ पाहा. टेबलावर जन्मदाखले आणि आधार कार्डांचा गठ्ठा पडलेला असतो, समोरच्या संघातील एखाद्याला मिसरूड फुटलेली दिसल्यामुळे दोन प्रशिक्षकांची हुज्जत चालू असते, आणि मग दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, बरोबरी, टायब्रेकर की संघ घरी. राखीव मुलांच्या बुटांना मातीही लागत नाही. बाद पद्धतीत हरण्याची मुभाच नसल्याने प्रशिक्षक अंगापिंडाने थोराड मुलांनाच उतरवतो आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर शेजारच्या क्लबातली दोन मुले उचलून आणतो. (त्याला तरी दोष किती द्यायचा? त्याची फी चषकांच्या फोटोंवर ठरते.)

यावर साखळी स्पर्धा हाच उपाय मला दिसतो. सहा क्लब परस्परांशी दोनदा खेळले, तर प्रत्येकाला दहा सामने मिळतात, एकूण तीस होतात आणि एक पराभव कोणाचा हंगाम संपवत नाही. महासंघाने २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग आणली ती याच विचाराने: लहान मैदान, कमी खेळाडू, अधिक वेळा चेंडू पायाशी. कोल्हापुरात, वरिष्ठ गटात का होईना, पेठांचे संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे (केएसए) खेळाडूंची नोंदणी करून लीग खेळतात, त्यामुळे हंगामाच्या मध्यावर मनमानी पळवापळवी करता येत नाही.

सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा ही गावे एकाच लोहमार्गावर आहेत. दोन्ही जिल्हा संघटनांनी मिळून रविवारची लीग आखावी, प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवण्याची अट घालावी आणि ती न पाळणाऱ्या क्लबाची संलग्नता पुढच्या वर्षी रोखावी. मैदानभाडे आणि पंचांचे मानधन क्लबांनी वाटून घ्यावे. तेवढा पैसा आज चषकांवरच उडतो.