फॉरमॅट मारून काम झालं, पण बिघाड काय होता?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या भाऊंना नमस्कार.

ॲप इन्स्टॉल होत नसेल तर काय करावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुमच्या वडिलांच्या फोनमध्ये यूपीआयचं ॲप चढत नव्हतं. फोन १६ जीबीचा, अँड्रॉइड ७. माझ्या लेखाप्रमाणे कॅश (ॲपनं तात्पुरती साठवलेली माहिती) साफ केली, फोन बंद-चालू केला, रविवारची अख्खी दुपार गेली, ॲप काही आलं नाही. भाच्याच्या फोनवरून फाइल घेतली तर ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ एवढाच मेसेज. शेवटी सीताबर्डीच्या एका दुकानात १५० रुपये देऊन फॉरमॅट मारलं, दुकानातल्या पोरानं कुठल्याशा साइटवरून एपीके, म्हणजे ॲपची इन्स्टॉल करायची फाइल, उतरवून टाकून दिली, दहा मिनिटांत काम. तुमचं म्हणणं असं की हे लेख नव्या फोनवाल्यांसाठी असतात, आणि एपीकेच्या नावानं मी लोकांना उगाच भीती घालतो.

पहिला आरोप मला मान्य आहे. कॅश साफ करणं मी सगळ्यात वर लिहिलं होतं, ते चुकलंच. प्ले स्टोअर ‘डाउनलोडची वाट पाहत आहे’ म्हणत अडकून बसतं तेव्हा त्या उपायाचा उपयोग होतो. १६ जीबीच्या जुन्या फोनमध्ये पहिली शंका जागेची घ्यायची असते, आणि जागेबद्दल मी दोन ओळींत आटोपलं होतं. तुमची दुपार त्यामुळे वाया गेली, याचं मला वाईट वाटतं.

आता फॉरमॅटनं काम का झालं ते पाहू. १६ जीबीमधली बरीच जागा फोनची स्वतःची सिस्टीमच घेते. उरलेल्या जागेत व्हॉट्सॲपवरचे सुप्रभातचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, भजनं. प्ले स्टोअरवर ॲप ६० एमबीचं दिसतं, म्हणून आपण १०० एमबी मोकळे करतो आणि पुन्हा बटण दाबतो. पण ती फाइल आधी उतरते, मग उलगडते, मग फोन तिला चालण्याजोगी करून ठेवतो. या सगळ्याला मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा लागते. जुन्या फोनमध्ये एक-दीड जीबी मोकळी असल्याशिवाय मी तर प्रयत्नच करत नाही. फॉरमॅट मारल्यावर बाबांच्या फोनमध्ये एकदम जागा झाली आणि ॲप बसलं, असा माझा अंदाज आहे. तो खरा असेल तर चारसहा महिन्यांत फोन पुन्हा भरेल आणि ॲपचं अपडेट अडेल. मग दर वेळी १५० रुपये देऊन बाबांचे नंबर, फोटो, सगळं पुसायचं का? व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजची यादी असते. कोणत्या ग्रुपनं किती जागा खाल्ली आहे, सगळ्यात मोठी फाइल कोणती, ते तिथं वरून खाली ओळीनं दिसतं. पहिले वीस व्हिडिओ पुसले तरी बहुतेक वेळा भागतं.

फॉरमॅटबद्दल मी एवढा हट्टानं का बोलतो, त्यामागे नागपूरच्याच महाल भागातल्या एक शिवणकाम करणाऱ्या मावशी आहेत. त्या गावाला गेल्या होत्या, दोनतीन दिवस फोन पूर्ण डिस्चार्ज होऊन पडला होता. परत येऊन चार्ज केला तर प्ले स्टोअर उघडेना, पैशाचं ॲप अपडेट होईना. दुकानात नेला, तिथल्या पोरानं बघताक्षणी फॉरमॅट मारला. त्यानंतरही होईना, गूगल खातंच उघडेना! मग त्या माझ्याकडे आल्या. “भाऊ, काहीच होऊन नाही राहिलं जी.” मी फोन हातात घेतला आणि लॉक स्क्रीन पाहिली. बाहेर उन्हानं रस्ता तापलेला, कूलर घरघरतोय, आणि फोनवर १ जानेवारी. सालही कितीतरी मागचं.

बिघाड तेवढाच होता. फोन सर्व्हरशी, म्हणजे कंपनीच्या तिकडच्या कॉम्प्युटरशी, बोलायला जातो तेव्हा सर्व्हर त्याला आपलं प्रमाणपत्र दाखवतो, आणि त्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. फोनच्या हिशोबानं ते साल अजून उजाडलंच नव्हतं, म्हणून तो प्रत्येक जोडणी नाकारत होता. सेटिंग्जमधलं ‘स्वयंचलित तारीख आणि वेळ’ बंद होतं. ते चालू केलं, अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत.

पण मावशींची मापांची वही आदल्या पावसाळ्यात भिजली होती, तेव्हा त्यांनी पानापानाचे फोटो काढून ठेवले होते. ते त्याच फोनमध्ये होते, दुसरीकडे कुठंही नव्हते. चाळीसेक बायकांच्या ब्लाउजची मापं, ऐन लग्नसराईत. एकेकीला पुन्हा बोलावून टेप लावावा लागला. मला ते तेव्हाही सहन झालं नव्हतं आणि आजही होत नाही. दुकानातला पोरगा वाईट नव्हता. त्यानं तारीख पाहिली नाही आणि “यात काही ठेवायचं आहे का?” हे विचारलं नाही, एवढंच.

भाच्याच्या फाइलचं काय झालं असेल? ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ या एका वाक्याखाली चारपाच वेगळी कारणं लपलेली असतात. आता प्ले स्टोअर बहुतेक ॲप तुकड्यांत देतं: मूळ भाग एक, तुमच्या प्रोसेसरचा दुसरा, स्क्रीनचा आणि भाषेचा आणखी वेगळा. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना तर हीच पद्धत सक्तीची आहे. त्यामुळे भाच्याच्या फोनवर उतरलेलं ॲप त्याच्याच फोनच्या मापाचं असतं. त्यातला एकच तुकडा आपल्याकडे आला तर तो बसत नाही. फोन ३२ बिटचा (जुन्या पद्धतीचा) आणि फाइल ६४ बिटची (नव्या पद्धतीची) असली तरी हाच मेसेज. जुनं ॲप फोनमध्ये असताना वेगळ्या सहीची फाइल त्यावर टाकली तरी हाच.

आणि ही सहीच तुमच्या दुसऱ्या आरोपाचं उत्तर आहे. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. कुणी मधेच फाइल उघडून त्यात काही घातलं तर ती सही टिकत नाही, त्याला स्वतःची नवी सही करावी लागते. फोनमध्ये जुनं ॲप असेल तर अँड्रॉइड ही फसवाफसवी पकडतं आणि फाइल नाकारतं. ताज्या फॉरमॅट केलेल्या फोनमध्ये मात्र ताडून पाहायला जुनी सहीच नसते. दुकानातल्या फाइलमध्ये खोट आहे असं मी म्हणत नाही. पण पैशाचं ॲप आहे भाऊ, आणि ती कुठल्या साइटवरून आली हे तुम्हालाही ठाऊक नाही. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं येणाऱ्या एपीके हेच करतात: एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि मग ओटीपी परस्पर उचलतात. तसं काही चुकून टाकलं गेलंच, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

बाबांच्या फोनबद्दल आणखी एक काळजी आहे. अँड्रॉइड ८ पासून अनोळखी ठिकाणच्या ॲपची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. ७ मध्ये त्याला एकच खटका आहे, आणि तो एकदा उघडला की सगळ्यांनाच दार उघडं. दुकानात तो चालू केल्याशिवाय फाइल बसलीच नसती. परत बंद केला का?

तुम्ही शेवटी लॅपटॉपचंही विचारलंत, ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असं येतं म्हणून. ‘धिस पीसी’वर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘सिस्टीम टाइप’ वाचा. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर’ असं असेल तर मशीन ६४ बिटचं आहे, विंडोज मात्र ३२ बिटचं टाकलेलं आहे. त्या सॉफ्टवेअरची ३२ बिटची फाइल मिळाली तर प्रश्न मिटला. विंडोज ७ असेल तर क्रोमसाठी धडपडू नका, त्यावर २०२३ च्या सुरुवातीला आलेली १०९ ही आवृत्ती शेवटची.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी मूळ लेख बदलला आहे. आता आधी तारीख, मग जागा, मग अँड्रॉइडची आवृत्ती, आणि कॅश त्यानंतर. फॉरमॅट सगळ्यात शेवटी ठेवलंय, तेही फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घेतल्यावरच.

आज बाबांचा फोन हातात आला की दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ‘अनोळखी स्रोत’ चालू दिसला तर बंद करा. मग दुकानातून टाकलेलं ॲप काढून तेच ॲप प्ले स्टोअरमधून घेऊन पाहा. आता जागा आहे, तर बहुतेक बसेल. बसल्यावर नंबर तपासताना अडलं, तर तो इन्स्टॉलचा बिघाड नसतो. ॲप बँकेत नोंदवलेल्या सिममधून एक एसएमएस पाठवतं, त्या सिममध्ये एसएमएस जाण्याइतका रिचार्ज आहे का ते बघा. आणि प्ले स्टोअरनं तरीही नाही म्हटलं, तर स्क्रीनवर येतील ते शब्द जसेच्या तसे मला इथं लिहून पाठवा.