पुस्तक तुमचं, फाइल कोणाची?

एक चाचणी आधी करून बघा. तुमच्या पुस्तकाची, संस्थेच्या वार्षिक अहवालाची किंवा जुन्या दिवाळी अंकाची पीडीएफ उघडा. त्यातला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मजकूर आला तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, कंस आणि आकडे यांची भेळ आली, तर त्या फाइलमध्ये मराठी नाहीच. मराठीचं फक्त चित्र आहे.

यूनिकोड म्हणजे जगातल्या लिपींमधल्या अक्षरांना ठरलेला क्रमांक देणारं मानक, आणि त्याच्या आधीचे बहुतेक मराठी फॉन्ट असेच चालायचे. संगणकाच्या लेखी साठवलेलं अक्षर रोमनच असायचं, आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढायचा. कुठल्या खणात कुठला आकार ठेवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. श्री-लिपी आणि आकृती या फॉन्टच्या पॅकेजांची मांडणी वेगवेगळी, सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची आणखी वेगळी. सीडॅकच्याही ‘डीव्ही’ आणि ‘डीव्हीबी’ या दोन मालिकांची मांडणी एक नाही, कारण दुसरीत इंग्रजी अक्षरांनाही जागा द्यायची होती. त्यामुळे अशी फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की काहीच वाचता येत नाही. तिच्यात शब्द शोधता येत नाही, सूची अकारविल्हे लावता येत नाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ती ऐकायला बसला, तर त्याला निरर्थक रोमन अक्षरं ऐकू येतात. यातली ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, त्यात मराठी आवाजही आहे, पण वाचायला मराठी मजकूर असेल तरच त्याचा उपयोग.

यासाठी पुण्याच्या पेठांमधल्या डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर पानं लावून देणाऱ्यांना, दोष देणं अन्यायाचं आहे. खरं तर या विषयातलं मूलभूत काम पुण्याशी जोडलेलं आहे. सीडॅक १९८८ साली पुण्यात उभं राहिलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिपी संगणकावर आणणारं जिस्ट तंत्रज्ञान पुढे तिथेच वाढलं. भारतीय लिपींसाठीचं इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक झालं, आणि यूनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेली आहे. २००० साली विंडोज २००० मध्ये यूनिकोड देवनागरी आली आणि वर्डमध्ये मराठी लिहिता येऊ लागलं. पण पुस्तकं वर्डमध्ये लागत नव्हती, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागत होती. जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन दाखवणं, रफार योग्य जागी चढवणं ही कामं सॉफ्टवेअरने करावी लागतात, आणि पेजमेकरला ती कधीच जमली नाहीत. त्याची शेवटची आवृत्ती ७, २००१ सालची. अडोबीच्या इनडिझाइन या पानं लावायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी नीट लागायला २०१२ ची सीएस-६ आवृत्ती यावी लागली. मधली बारा वर्षं यूनिकोडमधलं मॅटर पानावर घेतलं की मात्रा सुटायच्या. ऑपरेटर जुन्याच फॉन्टवर राहिले, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी प्रूफ द्यायचं होतं. मात्र तेव्हाची ती अडचण आज उरलेली नाही, आणि सवय अजून मोडलेली नाही. माझं भांडण त्या सवयीशी आहे.

आता मालकीकडे वळू. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण ज्या फाइलमधून पुस्तक छापलं ती उघडायला काय काय लागतं ते मोजा. तो विशिष्ट फॉन्ट लागतो. फॉन्टचं ते पॅकेज लागतं, आणि बहुधा त्याचा डाँगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची किल्लीही. जुना डाँगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमध्ये बसतो, आणि तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतो. यूएसबी डाँगल असला तरी त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल, तर ६४ बिट विंडोज तो घेतच नाही. वर पेजमेकर, आणि या सगळ्याला चालेल असं जुनं विंडोज. यातली एक कडी तुटली की कायद्याने तुमची असलेली गोष्ट तुम्हाला हात लावता येत नाही. ज्या लेखकाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुन्हा टाइप करून घ्यावी लागते, त्याच्याकडे हक्क आहे, ताबा नाही.

हे फक्त जुन्या सामानाचं दुखणं नाही. अडोबीने २०१३ पासून आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. महिन्याचे पैसे थांबले की तुमचीच इनडिझाइन फाइल तुम्हाला उघडून देणारं सॉफ्टवेअर थांबतं. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी टाइप-१ या जुन्या जातीच्या फॉन्टचा आधार काढून घेतला आणि त्या फॉन्टमधली कामं नव्या आवृत्तीत उघडल्यावर ‘फॉन्ट मिसिंग’ दिसू लागलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या एप्रिलमध्ये ई-बुकचं दुकान बंद केलं, आणि जुलैमध्ये विकत घेतलेली पुस्तकं वाचकांच्या हातून गेली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही. म्हणून माझ्यापुरती मालकीची कसोटी साधी आहे. विकणारा उद्या नसला, किंवा त्याच्याशी माझं बिनसलं, तरी दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल उघडते का?

ज्यांच्याकडे जुन्या फाइली आहेत त्यांनी काय करावं, ते क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा सगळं एका हार्ड डिस्कवर गोळा करा. सीडी असतील तर त्या आधी उतरवा, कारण लिहिलेल्या सीडीचा रंगथर खराब होत जातो. फाइलच्या शेपटीवरून, म्हणजे नावातल्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून, यादी करा: पेजमेकर ६.५ आणि ७, क्वार्क, कोरलड्रॉ, वर्ड. सोबतच्या फॉन्टच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि फॉन्टचं पूर्ण नाव लिहून ठेवा. ‘श्री-लिपीतलं आहे’ एवढ्याने पुढे काही होत नाही, ‘श्री-देव-०७१४’ लागतं.

मग जुनी व्यवस्था एकदा जिवंत करा. एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये चालू असलेलं जुनं मशीन मिळालं तर उत्तम. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स या, संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज एक्सपी टाकता येतं, आणि यूएसबी डाँगल त्या आतल्या विंडोजला जोडून देता येतो. पॅरलल पोर्टच्या डाँगलला हा मार्ग जवळपास बंद आहे. तिथे लिब्रेऑफिस ड्रॉ हे मुक्त सॉफ्टवेअर कामाला येतं. ते पेजमेकरच्या फाइली थेट उघडतं. पानाची मांडणी हलते, पण इथे आपल्याला मजकूर हवा आहे.

फाइल उघडली की आधी फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढा. पान कसं दिसत होतं याचा तो पुरावा आहे, पुढे तपासणीला तोच लागणार. मग मजकूर आरटीएफमध्ये बाहेर काढा. साध्या टेक्स्टमध्ये काढू नका. आरटीएफमध्ये कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहिती टिकते. ती गेली की मजकुरातले खरे इंग्रजी शब्द आणि मराठीचे सांकेतिक शब्द यांत जुना मजकूर यूनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरला फरक करता येत नाही, आणि तो इंग्रजी शब्दांचंही अगम्य मराठी करून ठेवतो. पेजमेकरमधून प्रत्येक स्टोरी, म्हणजे मजकुराचा सलग धागा, वेगळी एक्स्पोर्ट होते. मुख्य मजकूर एका स्टोरीत असला तरी तळटीपा, चौकटी आणि चित्रांखालच्या ओळी सुट्या ठोकळ्यांत असतात. पेजमेकरला आपोआप तळटीप लावता येत नव्हती, त्या हाताने लावलेल्या असत. घाईत सगळ्यात जास्त गळतात त्या तळटीपाच.

आता रूपांतर. प्रचलित फॉन्टचे कन्व्हर्टर मिळतात, पण अप्रकाशित हस्तलिखित कुठल्याही वेबसाइटच्या चौकटीत पेस्ट करू नका. संगणकावर उतरवून चालणारा कन्व्हर्टर वापरा. पूर्ण पुस्तक एकदम टाकू नका, सोळा पानांचा एक फर्मा करा आणि पीडीएफशी ओळीओळीने ताडून बघा. चुका कुठे होतात हे ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, यूनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलमध्ये मधली ऱ्हस्व वेलांटी ‘म’च्या आधी आणि रफार ‘म’च्या नंतर असतो. यूनिकोडमध्ये आधी र आणि हलन्त, मग म, मग वेलांटी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल जमली नाही तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. म्हणून तपासायला ‘निर्मिती’, ‘कीर्ती’, ‘कर्तृत्व’, ‘आर्द्र’, ‘मूर्तीं’ असे शब्द शोधा. रफार, वेलांटी आणि अनुस्वार मिळून एकच खिळा, म्हणजे एकच आकार असलेल्या जागा हमखास चुकतात. आकडेही बघा, वर्षांचे अंक अधूनमधून रोमन राहून जातात.

यापेक्षा फसवी चूक डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतं, किंवा अ वर अर्धचंद्र चढवून. एकाच पुस्तकात दोन्ही असतील तर ‘वऱ्हाड’ शोधल्यावर निम्म्या जागा सापडत नाहीत, आणि त्या नाहीतच असं आपण समजून चालतो. नुक्त्याचा ऱ आणि स्वतंत्र ‘ॲ’ असं एकच रूप ठरवा आणि फाइंड-रिप्लेसने सगळीकडे तेच करून टाका.

फाइलच हरवली असेल आणि फक्त छापील प्रत असेल, तर ३०० डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करून टेसरॅक्ट या, चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा. टेसरॅक्ट मुक्त आहे आणि त्याला मराठी येतं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्या गफलती होतात, अनुस्वार गळतात. मुद्रितशोधक लागेलच, पण पुन्हा टाइप करण्यापेक्षा हे बरं.

नव्या कामात हा सगळा खटाटोप उद्भवायलाच नको. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. तो निवडला नाही म्हणून मात्रा सुटतात, आणि दोष यूनिकोडच्या माथी जातो. स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. ‘यूनिकोडमध्ये चांगले टाइप नाहीत’ हे म्हणणंही आता टिकत नाही. पुस्तकाच्या मजकुराला आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, तिरो देवनागरी मराठी आहे. शीर्षकांना मुक्ता आणि बलू आहेत. सगळे मुक्त परवान्याचे. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवायला मात्र विसरू नका. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श चे मराठी वळणाचे आकार असतात, पण भाषा हिंदी ठेवली तर हिंदी वळणाचेच दिसतात.

काम संपलं की फक्त पीडीएफवर विसंबू नका. यूनिकोडमध्ये लावलेल्या पीडीएफमधूनही जोडाक्षरं आणि वेलांट्या कॉपी करताना विस्कटतात, कारण तिच्यात अक्षरांपेक्षा आकार साठवलेले असतात. अंतिम प्रुफानंतरचा मजकूर ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसच्या खुल्या प्रकारच्या फाइलमध्ये, आणि यूनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीच्या साध्या टेक्स्टमध्ये वेगळा ठेवा. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवू नका, तिच्यातली माहिती विरत जाते.

आणि ज्या फेसबुकवर तुम्ही हे वाचताय, तिथल्या लिखाणाचं काय? आज मराठीतलं कितीतरी गंभीर लेखन फक्त इथेच आहे. सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन आपल्या माहितीची प्रत मागवता येते. तारखांमध्ये ‘ऑल टाइम’ निवडा, नाहीतर अलीकडचंच लिखाण येतं. प्रत तयार झाल्यावर तिची लिंक काही दिवसच चालते. वाचायला एचटीएमएल घ्या. जेसन या प्रोग्रॅमसाठीच्या प्रकारात घेतलंत तर मराठी पुन्हा अगम्य दिसेल, कारण तिथे यूटीएफ-८ चे बाइट एकेक करून लॅटिन-१ अक्षरं समजून लिहिलेले असतात. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. पायथनमध्ये ती ओळ लॅटिन-१ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ मध्ये डीकोड केली की मराठी परत येतं. ही सोय कंपनीने दिली आहे म्हणून आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा आणि आपल्या पश्चात नॉमिनी नेमण्याचा हक्क आहे. माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क मात्र त्यात नाही. आधीच्या मसुद्यांत तो होता. तो परत यायला हवा, आणि मागणी लिहिणाऱ्यांनीच करायला हवी.

तोवर आपल्या हातात करार आहे. प्रकाशकाशी किंवा डीटीपी सेंटरशी काम ठरवताना दरासोबत एवढं लिहून घ्या: मजकूर यूनिकोडमध्येच लावला जाईल, शेवटचं बिल देताना ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल), वापरलेल्या फॉन्टची नावं, अंतिम मजकुराची ओडीटी आणि छपाईची पीडीएफ पेन ड्राइव्हवर मिळेल. त्यासाठी ऑपरेटरने थोडे पैसे जास्त मागितले तर द्या, ते कष्टाचं काम आहे. आणि पेन ड्राइव्ह हातात आल्यावर, बिल चुकतं करण्याआधी, ती नोटपॅडची चाचणी ओडीटीवर तिथेच करून बघा.